दहाची नोट

बुधवार, रात्री पावणेअकरा

आज संध्याकाळी जुन्या फ्रीजच्या दारात दहा रुपयांची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावले आणि हात सोडला, तशी ती अलगद घसरून फरशीवर पडली. वाकून उचलताना पोटात जे काही हलले, ते जेवण झाले, भांडी झाली, तरी जागेवर आलेले नाही. म्हणून वही काढली.

नोटेची ही युक्ती राजारामपुरीतल्या दुकानातल्या मुलाने दाखवली. नव्या फ्रीजच्या दारात त्याने स्वतःच्या खिशातली नोट धरली, दार लावले आणि मला ती ओढायला सांगितली. नोट फाटेल की काय, असे वाटण्याइतकी ती घट्ट बसली होती. "काकू, रबर असं पाहिजे. घरी गेल्यावर जुन्याला लावून बघा," असे तो म्हणाला. काकू म्हटल्याचा राग येण्याइतकाही वेळ त्याने दिला नाही. लगेच तो हप्त्यांकडे वळला.

घरी येऊन मी चारही बाजूंनी नोट लावून पाहिली. मुठीच्या बाजूला ती जराशी धरली जाते, बिजागरीच्या बाजूला नाही, आणि खालच्या कोपऱ्यात तर रबर इतके कडक होऊन आत वळले आहे की तिथून करंगळी जाते. त्या रबराच्या पोटात चुंबकाची पट्टी असते आणि ती दाराला पत्र्याकडे ओढून धरते, हे मला आजवर ठाऊक नव्हते. रबर ताठरले की पट्टी पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. मग दार लावलेले दिसते, पण लागलेले नसते. गारवा बाहेर जातो, बाहेरची दमट हवा आत येते, आणि आमच्यासारख्या दोनदारी फ्रीजमध्ये त्या दमटपणाचा बर्फ मागच्या पडद्याआडच्या नळ्यांवर साचतो. वरचे गार वारे खाली यायचे बंद होते आणि भाजीच्या कप्प्यात पाणी साठते.

पाणी साठते. हे दोन शब्द लिहून मी जरा थांबले.

त्या पाण्यावरून मी आत्यांना किती वेळा बोलले असेन, याचा हिशेब कुठल्याही मीटरवर नाही. "रस्सा गरम गरम ठेवता, त्याचं पाणी होतं," हे माझे ठरलेले वाक्य होते. आत्या गरम पातेले ठेवायच्या, हे खरेच आहे, आणि ते ठेवू नये, हेही खरे आहे. पण रविवारच्या एका पातेल्याने आठवडाभर कप्पा तळ्यासारखा भरत नाही, एवढे मला कळायला हवे होते. दुसरे वाक्य त्याहून वाईट. गंगावेशीतून दूध आले की ते तापवून, निववून ठेवायचे, मग सायीचे भांडे बघायचे, मग विरजण, अशा त्यांच्या फ्रीजकडे खेपा चालत आणि प्रत्येक वेळी त्या तिथे बराच वेळ उभ्या राहत. एकदा बाहेरची माणसे बसलेली असताना मी म्हटले होते, "आत्या, आधी विचार करा आणि मग दार उघडा. दार उघडं ठेवून विचार केला की बिल मला भरावं लागतं." सगळे हसले. आत्याही हसल्या. वाक्य जमल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

त्या इचलकरंजीला गेल्या ते फ्रीजवरून गेल्या नाहीत, हे मला पुरते ठाऊक आहे. जाऊ दे.

नोट पडल्यावर गेल्या महिन्यातला कागद शोधून काढला. नृसिंहवाडीला मुक्कामी गेलो होतो, तेव्हा घरातले सगळे बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवला होता आणि निघताना व परतल्यावर मीटरचे आकडे लिहून घेतले होते. दोन दिवसांत साडेचार युनिटांहून थोडे जास्त, म्हणजे दिवसाला २.३. महिन्याचे ६९. मुख्य म्हणजे त्या दोन दिवसांत फ्रीजचे दार कुणी एकदाही उघडले नव्हते. कागद महिनाभर माझ्या पर्समध्ये होता आणि त्यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला होता की नवा फ्रीज घ्यायला पाहिजे. बंद घरात, बंद दाराने, आत्या तिकडे इचलकरंजीत असताना हा फ्रीज एवढी वीज खात होता, हे त्याच कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. वाचायचे मात्र आज सुचले.

बरे, सगळा दोष रबराचा म्हणावा, तर तेही जमत नाही. आमचा फ्रीज २००६ मधला. ताऱ्यांची लेबले देण्याची योजना सुरू झाली तीच त्या वर्षी, आणि तीही ऐच्छिक होती. या जातीच्या फ्रीजना लेबल सक्तीचे झाले २०१० मध्ये. तेव्हा आमच्याकडे तारे मोजण्याचा प्रश्नच आला नाही. तो आधी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, होता. स्वयंपाकघर आधीच बोळासारखे, पण आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर फ्रीज नको, म्हणून मीच त्याला आत आणवला आणि कट्टा व भिंत यांच्यामधल्या तेवीस इंचांच्या जागेत बसवला. फ्रीज बावीस इंचांचा. कसा अगदी मापात बसला, म्हणून मी खूश होते. एका हातावर शेगडी, मागे भिंत, दोन्ही बाजूंना बोटभर जागा. आत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "सोप्यात हाय तेच बरं हाय, तिथं वारं तरी लागतंय." मला वाटले, त्यांना बदल नको आहे.

आज दुकानातल्या मुलाने तीच गोष्ट इंचांत सांगितली. पूर्वी फ्रीजच्या पाठीला काळी जाळी असायची आणि आतली उष्णता तिच्यातून बाहेर पडायची. हल्ली बहुतेकांच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून चालू फ्रीजची कूस हाताला गरम लागते. ती उष्णता जायला बाजूंना दोन-दोन इंच आणि मागे त्याहून थोडी जास्त जागा सोडायची. आपण फ्रीजला कोंडले, तर तो आपलीच उष्णता अंगावर घेऊन धापा टाकत राहतो. आमच्या फ्रीजने किती वर्षे धापा टाकल्या, ते मोजायचे आज अंगात बळ नाही.

आता थोडे माझ्या बाजूनेही लिहू दे. या घरात वीजबिलाचा कागद माझ्याशिवाय कुणी उलगडून पाहिलेला नाही. ह्यांना बिलाची रक्कम सांगितली तर ते "एवढं?" म्हणतात आणि पंख्याचे बटण दोनावरून तीनावर नेतात. शंभर युनिटांपर्यंतचा दर एक आणि शंभराच्या पुढचा जवळजवळ दुप्पट, त्यामुळे महिनाअखेरीचे प्रत्येक युनिट महागातले असते, हे या घरात मलाच कळते आणि कळते म्हणून मलाच टोचते. टोचणाऱ्याने बोलायचे नाही तर कुणी? मेकॅनिकला बोलवायला मीच, दुकाने पालथी घालायला मीच, आणि सगळे झाल्यावर नवा फ्रीज बघून "रंग बरा आहे" म्हणायला बाकीचे. मी कुणाला उगीच छळले नाही. मला वाटले ते बोलले.

हे वाचायला बरे वाटते आहे, त्या अर्थी त्यात कुठेतरी गफलत असणार.

मेकॅनिक सोमवारी येऊन गेला, त्याने रबराकडे बोट दाखवलेही होते. या मॉडेलचे रबर आता मिळत नाही आणि मिळाले तरी कॉम्प्रेसर थकला आहे, असे तो म्हणाला. मी फक्त कॉम्प्रेसरचे ऐकले. म्हणून आजची राजारामपुरी.

दुकानात पहिल्यांदा मी ताऱ्यांनाच भुलले. पाच तारे म्हणजे कमी वीज, इतके सरळ गणित डोक्यात होते. ते सरळ नाही. एकदारी आणि दोनदारी यांच्या ताऱ्यांचे तक्ते वेगळे असतात, आणि तारे फ्रीजच्या आकारमानाच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे मोठ्या फ्रीजचे चार तारे लहान फ्रीजच्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. लेबलवर किती काळासाठी ते लागू आहे, तेही छापलेले असते. नियम मध्येमध्ये कडक होतात आणि कालच्या पाच ताऱ्यांचे आज चार होतात. तेव्हा ताऱ्यांकडे पाठ करून मी खालचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचत फिरले. १९० लिटरच्या एका एकदारीवर १२०च्या आसपास, अडीचशे लिटरच्या दोनदारीवर दोनशेच्या आतबाहेर. हा आकडा प्रयोगशाळेतला, घरात थोडा वाढणारच. तरी आमच्या सध्याच्या वर्षाच्या ८४० पुढे दोन्ही आकडे देवमाणसासारखे दिसत होते. दोनदारी घेतला तरी महिन्याला पन्नासेक युनिटे वाचतील, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या घरात.

गंमत अशी की जुना बाहेर काढण्यातच जवळजवळ सगळी बचत आहे. तीन ताऱ्यांऐवजी त्याच मापाचा पाच ताऱ्यांचा घेतला, तर वर्षाला आणखी पन्नासेक युनिटे, म्हणजे पाचशे रुपये, आणि किमतीत फरक साडेतीन-चार हजारांचा. सात-आठ वर्षांचे बिल आगाऊ भरल्यासारखेच ते. मुलगा मात्र ताऱ्यांवरच बोलत राहिला. बिचाऱ्याला तेच शिकवले असणार.

एकदारी घ्यायला मन धजत नाही, कारण त्याच्या बर्फाच्या कप्प्यात थर चढतो आणि तो बटण दाबून वितळवत बसावे लागते. दोनदारीत पंखा आणि हीटर ते काम परस्पर करतात, म्हणून त्याला वीज जास्त लागते. पण आता घरात माणसे किती, सामान किती? वर्षाची चटणी बरणीत असते. पूर्वी लोण्याचा गोळा, खरवसाचा चीक, दोन-दोन पातेली दूध असायचे. सध्या पिशवीचे अर्धा लिटर आणि अर्धा लिंबू असते. १९० लिटरांतही मावून उरेल. तरी मी अडीचशेच्या दारापाशी दोनदा परत गेले. दिवाळीला त्या आल्या तर.

माप घ्यायला टेप काढला, तिथे सगळा प्रश्न निकालात निघाला. तेवीस इंचांतून दोन्ही बाजूंचे चार इंच सोडले की उरतात एकोणीस, आणि त्या मुलाने दाखवलेला सगळ्यात चिंचोळा एकदारी होता एकवीस इंचांचा. शिवाय हल्लीच्या फ्रीजमधला आर ६००ए हा वायू म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा चुलतभाऊच. असतो अगदी थोडा, आणि ओझोनला इजा करत नाही, म्हणून तो आला. पण त्याला शेगडीच्या मांडीला मांडी लावून बसवायची हौस आता मला नाही. म्हणजे फ्रीज सोप्यात जाणार. होता तिथेच.

नऊ वाजता इचलकरंजीला फोन केला. माफी मागायची, असे काही ठरवले नव्हते. "आत्या, फ्रीज बघून आले," एवढेच म्हटले आणि लिटर, युनिटे, हप्ते असे सगळे सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दार कुणीकडं उघडतंय?"

ते मी पाहिलेच नव्हते. चार दुकानांत चौदा दारे उघडली असतील, पण कुणीकडे उघडतात, ते पाहिले नाही.

"सोप्यात उजवीकडं जिन्याची भिंत हाय. दार पुरतं उघडलं न्हाई तर आतलं कप्पं भाइर कसं काढणार?"

"सोप्यात ठेवणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मग कुठं ठेवतीस?"

यावर काय बोलणार? मग एकदम म्हटले, "आत्या, जुन्याचं रबर गेलेलं होतं. बरीच वर्षं."

"व्हय की. मला ठावं हुतं. मी खालच्या कोपऱ्याला गुडघा लावूनच दार लावत हुतो. जरा दाबून धरलं की बसायचं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू बिलाचं बोलत हुतीस. त्यात आणि रबराचं कुठं काढू?" आणि लगेच, जवळजवळ त्याच श्वासात, तिकडे पाऊस आहे का, म्हणून विचारले.

त्या फ्रीजपाशी उभ्या असायच्या तेव्हा मला कट्ट्यापासून त्यांची पाठ आणि पदर दिसायचा. दार उघडे आहे की लावलेले, हे मी पुढे होऊन एकदा तरी पाहिले होते का, हे आठवण्याचा प्रयत्न करते आहे. आठवत नाही. विचार करत उभ्या आहेत, हे मी ठरवले होते.

उद्या दुकानातल्या त्या मुलाला विचारायचे: दाराची बाजू बदलून मिळते का. सोप्यातली भिंत ते जिना किती इंच, ते सकाळी उजेडात मोजायचे. अडीचशे की १९०, ते दाराचे कळल्यावर.

आता दूध ठेवायला उठले होते. दारात नोट धरली, खालच्या कोपऱ्याला गुडघा लावला, दहापर्यंत आकडे मोजले आणि पाय काढला. नोट ओढून पाहिली, आली नाही. ती तशीच ठेवली आहे. सकाळी हे चहाचे दूध घ्यायला दार उघडतील तेव्हा पडेल आणि फ्रीजमध्ये पैसे कुणी ठेवले, म्हणून विचारतील.