शेजारची नलिका निळी होती

जतकडचा एक तरुण आईच्या काचा (गाठीचे पातळ काप लावलेल्या) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेऊन मिरजेला आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आला. आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. बाहेरच्या रिपोर्टवर ईआर, पीआर (पेशीतले हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू हे प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग नाही. "मॅडम, केमोच द्यावी लागेल म्हणतात. तुम्ही एकदा बघा."

साध्या रंगाची काच आधी पाहिली. गाठ ग्रेड १ची, म्हणजे सर्वांत सौम्य दिसणारी. केंद्रकं लहान, एकसारखी, नळ्या सुबक. अशी गाठ ईआर निगेटिव्ह निघणं फार क्वचित. मग ईआरची काच लावली. तिच्यात ईआर असलेली केंद्रकं तपकिरी दिसतात, नसलेली निळी. गाठ निळी होती, पण तिच्या कडेच्या निरोगी दुग्धनलिकाही निळ्याच! निरोगी नलिकेतल्या काही पेशींत ईआर असतोच, त्यांची केंद्रकं तपकिरी व्हायलाच हवीत. ती झाली नसतील तर ती काच गाठीबद्दल काहीच सांगत नाही. तिला निगेटिव्ह म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

चौकशीत कळलं, अख्खा स्तन न चिरताच फॉर्मेलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बरणीत ठेवला होता. फॉर्मेलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. चरबीतून गाठीपर्यंत पोचेस्तोवर आतली प्रथिनं बिघडू लागतात. तासाभरात चिरून फॉर्मेलिनमध्ये घालायचं आणि ६ ते ७२ तास ठेवायचं, हा नियम त्यासाठीच आहे. त्याच ब्लॉकवर आम्ही चाचणी पुन्हा केली. नलिका निळ्याच.

"ऑपरेशनआधी सुईने तुकडा काढला होता का?" मी विचारलं. काढला होता. तो ब्लॉक आणायला पोरगा त्याच पावली परत गेला. सुईचा तुकडा बारीक, त्यात फॉर्मेलिन लवकर मुरतं.

नवी काच लावली आणि जीव भांड्यात पडला. नलिकेत अधूनमधून तपकिरी केंद्रकं, आणि गाठीत तर जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी. पॉझिटिव्ह म्हणायला १ टक्का पेशी पुरतात. इथे ९० टक्क्यांच्या वर होत्या.

ऑन्कॉलॉजिस्टना लगेच फोन केला. बाईंची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, काखेतल्या लसिकाग्रंथींत कर्करोग नाही. त्यांनी केमोचा बेत रद्द करून लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाच्या गोळ्या सुरू केल्या.

सर्जनशीही बोलले. आता त्यांच्याकडचा नमुना मागच्या बाजूने गाठीपर्यंत चीर देऊनच येतो, आणि बरणीवर तो काढल्याची वेळ लिहिलेली असते.