मरिनाची वही: 1,12,400 ते 2,31,640 किलोमीटर

मंडळी, टाटा इंडिगो मरिना, 2006, टीडीआय. नऊ वर्षं माझ्याकडे होती, गेल्या महिन्यात विकली. केलेलं प्रत्येक काम मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवत आलो. जुनी डिझेल स्टेशन वॅगन सांभाळणारे आपल्याकडे थोडेच उरलेत, म्हणून त्या वहीतलं जे कुणाच्या उपयोगी पडेल ते इथे उतरवतो आहे.

का घेतली

आमचं भजनी मंडळ. दोन पेट्या, पखवाज, टाळांची पोतडी, सतरंज्या आणि माणसं चार. हॅचबॅकमध्ये पखवाज उभा करावा लागायचा आणि वळणावर तो कलंडायचा. सुमोसारखी मोठी गाडी परवडली असती, पण ती लावायला आमच्या बोळात जागा नाही. मरिना लांबीला साध्या इंडिगो सेडानएवढीच. मागची सीट पाडली की पखवाज आडवा, पेट्या त्याच्या शेजारी, वर सतरंज्या, आणि तरीही आरशातून मागची काच दिसते. सामान उचलून ठेवायचं तर कमरेच्या उंचीला. साठीच्या पुढच्या माणसांच्या मंडळाला ही उंची फार मोलाची वाटते.

आपल्याकडे स्टेशन वॅगन फारशी कधी चाललीच नाही. टाटा इस्टेट 1992 ची. पुढे ओपेल कोर्सा स्विंग, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी आल्या आणि गेल्या. मरिना 2004 मध्ये आली. लांब डिकीची गाडी पाहिली की लोकांना रुग्णवाहिका आठवते असं मी कितीदा ऐकलं आहे. त्याचा एकच फायदा झाला, सेकंड हँडमध्ये भाव पडलेला मिळाला. 2016 मध्ये 1 लाख 10 हजारांत घेतली. गाडी एमएच-14, म्हणजे जिथे बनली तिथलीच. पिंपरी-चिंचवडची एनओसी घेऊन साताऱ्याला नावावर केली.

1,12,400: आल्या आल्या

आधीच्या मालकाकडे टायमिंग बेल्टची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच वेळी वॉटर पंप असं एकदमच केलं. तिथवर हात पोचवण्याची मजुरीच मोठी असते, ती दोनदा कशाला द्यायची? जुना बेल्ट हातात घेऊन उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. तो मी आजही जपून ठेवला आहे.

इंजिन 1405 सीसी, इनडायरेक्ट इंजेक्शन, टर्बो, 62 पीएस. खालच्या वेगाला सुस्त वाटतं. दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो जागा झाला की गाडी मोकळी होते. सरासरी 16 ते 17 चा ॲव्हरेज मला शेवटपर्यंत मिळाला. ऑइल 15डब्ल्यू-40, दर 7,500 किलोमीटरला, एकदाही चुकवलं नाही. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, मिनिटभर आयडलवर ठेवायची. टर्बोचं बेअरिंग ऑइलवरच जगतं.

1,38,900: खंबाटकी

मे 2018. पुण्याहून परत येताना खंबाटकी चढत होतो, एसी चालू, गाडीत पाच माणसं. तापमानाचा काटा मध्यावरून हलला आणि पुढच्या वळणापर्यंत लाल पट्ट्याला टेकला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. बोटभर लांबीचा एक होज पाइप क्लिपच्या कडेला फाटला होता. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. पाणी सगळं गेलेलं.

त्या दिवशी मी इंजिन लगेच बंद केलं, पण उशीर झालाच होता. गार झाल्यावर पाणी भरून पाहिलं तर रेडिएटरमधून बुडबुडे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं.

हेड उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथल्या मिस्त्रींनी हेड उलटं ठेवलं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी धरली आणि पट्टीच्या मागे टॉर्च लावला. मधल्या दोन सिलिंडरांच्या जागी पट्टीखालून उजेडाची रेघ दिसत होती, केसाएवढी. "हे बघा, इथनं तुमचं पाणी जातंय," एवढंच म्हणाले. आधी तडा आहे का ते तपासलं. या जातीच्या हेडला व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत तडा जाऊ शकतो, आणि तसं असेल तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं) करून पैसे वाया. प्रेशर टेस्ट चांगली निघाली, मग फेसिंग केलं. गॅस्केट घेताना जुन्यावरच्या खुणा बघून त्याच जाडीचं घ्या. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात अंतर फार कमी असतं, दुकानदार देईल ते बसवून चालत नाही. सगळं धरून 14 हजार आणि अकरा दिवस.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. ही इंजिनं झिजून मरत नाहीत, पाण्याविना मरतात. दहा वर्षांवरची डिझेल घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात सगळे होज, क्लिपा, रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट बदला. जुना पाइप बाहेरून बरा दिसतो. अंगठ्याने दाबून बघा, कडकड वाजला तर काढून टाका. आणि कूलंटच घाला. नळाच्या पाण्याने आतून गंज धरतो.

1,61,000 च्या आसपास: सकाळी चालू न होणं

हे प्रकरण तीन महिने चाललं. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागायचा, दुपारी अर्ध्या किल्लीत चालू. पहिला संशय ग्लो प्लगवर, म्हणजे गार इंजिन चालू होताना आत ऊब देणाऱ्या प्लगवर. मल्टिमीटरने चारही तपासले. चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स एक ओमच्याही खाली येतो, एक आतून तुटलेला निघाला, त्यातून करंट जातच नव्हता. तो बदलला. थोडा फरक पडला, दुखणं गेलं नाही.

दुसऱ्या गॅरेजने डिझेलचा पंप उतरवून ओव्हरऑल करायला सांगितलं, 18 हजार. मी थांबलो. आमच्या फिटर काकांनी डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली. "रात्रभर राहू दे, सकाळी तू स्वतः बघ." सकाळी सहाला बॉनेट उघडून बसलो, मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. नळीतून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग पंपाकडे सरकत होते. पाच-सहा सेकंद तेच, मग डिझेल स्वच्छ झालं आणि इंजिन लागलं. म्हणजे रात्री कुठून तरी हवा शिरत होती आणि डिझेल मागे टाकीकडे उतरत होतं. फिल्टरच्या आधीचा रबरी पाइप कडक होऊन जोडाशी सैल झाला होता. 120 रुपयांत काम झालं. ती पारदर्शक नळी मी मुद्दाम तशीच ठेवली. पुढे 2020 मध्ये बीएस-6 चं डिझेल आलं, गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं. जुन्या पंपांची सील त्यानंतर पाझरू लागल्याच्या तक्रारी बऱ्याच जणांकडून ऐकल्या, म्हणून महिन्यातून एकदा नळीकडे नजर टाकत राहिलो. माझा पंप टिकला.

फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाचं पाणी मात्र दर पावसाळ्यात दोनदा काढा.

मागचं दार

हे फक्त वॅगनवाल्यांसाठी. मागचा वायपर, काचेचा डिफॉगर आणि नंबर प्लेटचा दिवा हळूहळू एकेक करत बंद पडले तर मोटर बदलायला धावू नका. छप्पर आणि दार यांच्यामध्ये जी रबरी नळी दिसते, तिच्यातून वायरी जातात. दार हजारदा उघडलं-मिटलं की त्या आतल्या आत तुटतात. वरचं प्लॅस्टिक अखंड राहतं, तांबं तुटलेलं असतं. वायर दोन्हीकडून हलकेच ओढा, जिथे च्युइंग गमसारखी ताणली जाईल तिथे तुटली आहे. माझ्या सातपैकी चार तुटल्या होत्या. जोड त्याच जागी देऊ नका, लांब वायर घालून जोड छपराच्या आत न्या. एक दुपार गेली आणि तिन्ही गोष्टी चालू झाल्या.

मागचा वायपर चैन म्हणून दिलेला नसतो. वॅगनचं छप्पर एकदम संपतं, मागे हवेचा भोवरा होतो आणि रस्त्याची धूळ-चिखल सगळा काचेवर येऊन बसतो. लोणंद-फलटणकडे पालखीच्या दिवसांत आम्ही दिंडीचं सामान पोचवायला जायचो तेव्हा तो वायपर नसता तर मागचं काही दिसलंच नसतं.

लोअर आर्मचे बुश दोनदा, लिंक रॉड तीनदा, ड्राइव्ह शाफ्टचा बूट एकदा, क्लच प्लेट एकदा, आल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप एकदा. तो गेला की ब्रेक दगडासारखा होतो, म्हणून त्याच दिवशी बदलला. बाकी किरकोळ.

कागद आणि धूर

2021 मध्ये पंधरा वर्षं भरली. इन्स्पेक्शन, पर्यावरण कर, पाच वर्षांचं नूतनीकरण. तेव्हा नूतनीकरणाची फी 600 होती, 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000 झाली. पीयूसीला या पिढीच्या डिझेलला धुराची मर्यादा 65 हार्टरिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं माप). माझा आकडा 58 आला तेव्हा मनाला बरं वाटलं नाही. मागून दुचाकीवर येणाऱ्याच्या तोंडावर आपला धूर जातो. डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला दिले, दोन ठिबकत होते. ते आणि एअर फिल्टर बदलल्यावर 41. पिकअपही सुधारला. नवी नंबर प्लेट आणि डिझेलचं नारंगी स्टिकर 2025 मध्ये लावून घेतलं.

2,31,640: विक्री

मंडळातले तिघे आता बसून गायला येतात, दौरे बंद झाले. महिन्यात शंभर किलोमीटरही होईनात. उभी गाडी लवकर खराब होते. ती माझ्या दारात गंजलेली मला बघवली नसती.

भंगारवाल्याने 32 हजार सांगितले. दोन दलाल येऊन गेले, एकाने बॉनेटही न उघडता 45 म्हटलं. मी 80 लावले होते आणि जाहिरातीत दोष आधी लिहिले: एसीचा गॅस वर्षभरात उतरतो, डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला आतून गंज आहे, 2018 ला हेड उतरलं आहे, 2026 मध्ये नूतनीकरण येतं. हेड उतरल्याचं लिहू नकोस, असं धाकट्या भावाने बजावलं होतं. पण घेणारा ती गाडी घेऊन आंबेनळी घाटात उतरणार, त्याला माहीत असायलाच हवं.

महाबळेश्वरकडचा एक तरुण आला, मधपेट्यांचा व्यवसाय. त्याने इंजिनाकडे बघण्याआधी टेप काढून डिकी मोजली, सीट पाडून पुन्हा मोजली, मग म्हणाला, "काका, रिकाम्या पेट्या बसतील." नंतर वही मागितली. ओसरीवर बसून पाऊण तास वाचत होता. सौ.ने दोनदा चहा केला. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला: टायमिंग बेल्ट पुन्हा कधी? शेवटचा 1,74,200 ला घातला होता, म्हणजे मुदत जवळ आली होती. तो खर्च वजा करून 70 हजारांत सौदा झाला.

विकणाऱ्यांनी एवढं करा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गप्प बसू नका, ट्रान्सफरचा अर्ज आपल्यासमोर भरून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला आपल्याला 14 दिवस असतात, इन्शुरन्स नावावर करून घ्यायला त्यालाही तेवढेच. फास्टॅग आधी बंद करा. चावी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. नवं आरसी त्याच्या नावाने निघालं तेव्हाच मी मोकळा श्वास घेतला.

वही त्याला दिली. मागच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला: बेल्ट नवा घातला, नोंद माझ्या शेवटच्या ओळीखाली, 2,32,105, आणि पुढे "नळीत बुडबुडे नाहीत".

माझ्याकडे राहिलंय ते असं: दोन नवे ग्लो प्लग, मागच्या दाराचा एक गॅस शॉकअप आणि उजवीकडची टेल लाइट, जी पुण्यात नाना पेठेत चार चकरा मारून मिळाली होती. सेडानची मरिनाला बसत नाही. कुणाची मरिना अजून रस्त्यावर असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.