मेंढा (लेखा)चं सात दिवसांचं शिबिर: ग्रामसभा ऐकायची असेल तर

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी गडचिरोली जिल्ह्यातलं, ग्रामसभेसाठी ओळखलं जाणारं मेंढा (लेखा) निवडणार असाल, तर पहिलं काम तारखांचं. जानेवारीत भाताची कामं आटोपलेली असतात, मोहफुलं वेचायला मार्च-एप्रिल आणि तेंदूपत्त्याला मे उजाडायचा असतो, त्यामुळे माणसं घरी भेटतात. त्यातही २६ जानेवारी शिबिराच्या मध्यावर येईल असं बघा, कारण ती ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी एक. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. विषयांची यादी तिथूनच उतरवून घ्या, म्हणजे मुलं कोरी जाणार नाहीत.

नागपूरहून गडचिरोलीला एसटीने चार-साडेचार तास. रेल्वेने आलात तर देसाईगंजला (वडसा) उतरून पुढे बस. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा लागतं, धानोरा त्याच्या थोडं पुढे. उजेड असतानाच गावात पोचा. मुलांची यादी पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा. धानोरा भाग मलेरियाचा आहे. हिवाळा आहे म्हणून मच्छरदाणी वगळू नका, माणशी एक हवीच. रात्री थंडी चांगलीच पडते, सतरंजीवर भागत नाही.

आता मुख्य गोष्ट. मेंढा हे गाव, आणि लेखा हे शेजारचं, जिथे गटग्रामपंचायत (एकापेक्षा जास्त गावांची मिळून एक) आहे. मुलं हमखास इथे गोंधळतात. ‘सरपंचांची मुलाखत’ घेऊन येतात आणि गावाचं राजकारण समजलं असं समजतात. निवडून आलेली पंचायत वेगळी आणि गावातल्या सगळ्या मतदारांची ग्रामसभा वेगळी. धानोरा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत असल्याने इथे १९९६ चा पेसा कायदा (अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा) लागू आहे. त्यात पाड्या-वस्तीलाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी अशा भागातल्या पंचायतींना थेट येतो. तो कुठे खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. गणपूर्तीचा फरक मुलांकडून पाठच करून घ्या: साध्या ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तो आकडा. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. जंगलावर हक्क सांगायचा तर अर्धं गाव बसलं पाहिजे, हा यामागचा विचार आहे आणि तो आम्हाला पटतो.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातात राहिला होता. हक्क आहे पण माल बाहेर काढता येत नाही, अशी कोंडी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज (झाडाचं लाकूड सोडून जंगलातला इतर माल) ठरवला होता, जुन्या कायद्याने मात्र त्याला झाडात धरलं होतं. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा ही कोंडी फुटली. गावात कुणाशी बोलायला बसण्याआधी एवढं वाचलेलं असावं. नाहीतर तेच तेच प्रश्न विचारून लोकांचा वेळ जातो.

निर्णय मतदानाने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, तासाभरात चुळबुळ सुरू होते. म्हणून दोघा-दोघांना काम वाटून द्या: कोण बोललं, कोण गप्प राहिलं, बायका कधी बोलल्या, विषय कुठे अडला. अभ्यास गट ही वेगळी बैठक. तिथे चर्चा होते, निर्णय होत नाही, आणि बाहेरच्यांना बसायला तीच सोयीची. दोन्हींसाठी महिनाभर आधी लेखी परवानगी मागा. सभेत ध्वनिमुद्रण, फोटो विचारल्याशिवाय नाही. उत्पन्न आणि जात विचारणाऱ्या छापील प्रश्नावल्या घरीच ठेवा. असे सर्वेक्षणवाले येऊन जातात, कागद परत कधी दिसत नाहीत. तुम्ही जे लिहाल त्याची एक प्रत ग्रामसभेला पाठवाच.

भेटल्यावर ‘जोहार’ म्हणायचं. घरात गोंडी, बाहेर झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातली मराठी, जिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो. मुलांनी ते सुधारायला जाऊ नये. स्वयंपाकात ‘सांबार’ मागितला तर कोथिंबीर येईल. गोटुल हे गावाने एकत्र बसण्याचं ठिकाण आहे. तिथे मुक्काम मिळेल असं गृहीत धरू नका, आणि त्याबद्दल बाहेर चघळलेल्या गोष्टी मुलांना आधीच विसरायला सांगा. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पूजेत मोहाची दारू लागते हे दिसलं, तर त्यावर भाषण नको.

एक रात्र झाडीपट्टीच्या नाटकाला ठेवा. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, कंपन्या वडशाच्या. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं श्रमदान लावू नका.

श्रमदान वनराई बंधाऱ्याचं (नाल्यात वाळू-मातीच्या गोण्या रचून घातलेला तात्पुरता बांध) असेल तर नाला आधी बघून या. जानेवारीत पुष्कळ नाले आटलेले असतात, आणि कोरड्या नाल्यात बांधलेला बंधारा नुसता फोटोपुरता. पाणी वाहतं असेल तर पाच मीटर रुंद, एक मीटर उंच बंधाऱ्याला सिमेंटच्या दीडशे रिकाम्या गोण्या धरा. त्या तीन चतुर्थांशच भरा. गच्च भरलेली गोणी दबत नाही, फटी राहतात आणि पाणी तिथून निघून जातं. थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, मध्ये चिकणमाती भरा. गोण्या आणि सुतळी गडचिरोलीतूनच घेऊन चला.