भाऊचा धक्का ते शिवडी: भिंतीआडच्या किनाऱ्यावरची एक पायपीट

जानेवारीतल्या एका पहाटे मी आणि माझे मामा डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरलो, तेव्हा बाहेर फक्त चहाची एक टपरी उघडी होती. मामांनी आयुष्यभर गोदीत काम केले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा कायापालट होणार, तेथे उद्याने, फिरण्याचे रस्ते आणि क्रूझ टर्मिनल येणार, अशा बातम्या मी २०१४ मध्ये बंदराच्या जमिनीच्या विकासासाठी राणी जाधव समिती नेमली गेली तेव्हापासून वाचत आलो आहे. जे बदलणार आहे ते बदलण्यापूर्वी एकदा पायी पाहावे, एवढाच आमचा बेत होता.

भाऊच्या धक्क्यावर लिलाव ऐन भरात होता. ट्रॉलरमधून उतरलेल्या बांगड्याच्या, कोळंबीच्या पाट्या ओल्या फरशीवर ओळीने मांडलेल्या होत्या आणि बर्फाचा चुरा फावड्याने त्यांवर पडत होता. एक कोळीण पाटीत मनगटापर्यंत हात घालून खालचा माल वर काढत होती, कारण वरचा थर नेहमीच चांगला लावलेला असतो. बोली बोलणारा तिच्याकडे न पाहताच आकडा चढवत होता. शेवटी तिने मान हलवली आणि पाटी डोक्यावर गेली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांच्यावरून या धक्क्याला नाव पडले. मामा लहानपणी रत्नागिरीहून बोटीने येऊन येथेच उतरले होते. २०२० पासून येथून मांडव्याला रो-रो, म्हणजे मोटारीही वाहून नेणारी बोट, जाते आणि तिच्यात शिरणाऱ्या मोटारींच्या रांगेला माशांचा वास सोसावा लागतो. सुशोभीकरणाच्या चित्रांत हा वास कधी दिसत नाही, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे.

धक्क्याच्या दक्षिणेकडच्या गोद्या आम्हाला पाहता आल्या नाहीत. फाटकावरच्या रखवालदाराने मामांचे जुने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिले आणि नम्रपणे परत केले. प्रिन्सेस डॉक १८८० चा आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. पुढे कंटेनरचा व्यापार वाढला, १९८९ मध्ये पलीकडच्या तीरावर न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि काम तिकडे सरकले. या दोन्ही गोद्यांमध्ये अखेर भराव टाकण्यात आला. ‘पाणी आत घ्यायला खणलं, तेच मातीनं बुजवलं,’ एवढेच मामा म्हणाले.

उत्तरेकडे दारूखाना लागतो आणि मला तेथून पाय काढवेना. भरतीला चिखलावर ओढून आणलेली जुनी जहाजे येथे गॅसच्या ज्योतीने कापली जातात आणि त्यांचे अवयव रस्त्याकडेच्या दुकानांत येतात: माणसाच्या मांडीएवढ्या कड्यांचे साखळदंड, पितळी नळ, नांगर. एका दुकानदाराने मला जहाजाची गोल खिडकी दाखवली आणि ती आता हॉटेलवाले भिंतीवर लावायला नेतात, असे अभिमानाने सांगितले. लाकडी बंदर, कोळसा बंदर, गवत बंदर ही आजूबाजूची नावे म्हणजे तेथे काय उतरत असे याची यादीच आहे.

कॉटन ग्रीनमधल्या ‘ग्रीन’चा हिरव्या रंगाशी संबंध नाही. कापसाचा बाजार पूर्वी कोटातल्या टाउन हॉलसमोरच्या मैदानावर भरत असे आणि मैदानाला इंग्रजीत ग्रीन म्हणत. तो बाजार तेथून कुलाब्याला आणि पुढे शिवडीच्या भरावावर आला, तरी नाव त्याच्याबरोबरच चालत राहिले. आज त्या लांबलचक गोदामांच्या छतांवर पिंपळ उगवले आहेत.

बंदराच्या ताब्यातील जमीन सुमारे १८०० एकर असून, विकासाच्या आराखड्याचा मसुदा २०१८ साली प्रसिद्ध झाला. मला मोकळ्या जागेचे वावडे नाही, कारण बंदराच्या भिंतीमुळे पूर्वेकडच्या मुंबईकराला समुद्र जवळ असूनही दिसत नाही. मात्र गिरणगावाचा अनुभव ताजा आहे. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते आणि त्यांतले दोन मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि सामान्यांच्या वाट्याला फारच थोडे आले. त्यामुळे किनाऱ्याचा आराखडा पाहताना मी उद्यानाच्या हिरव्या रंगाआधी पाटी, हातगाडी आणि गॅसकटर यांना जागा कोठे आहे ते शोधतो.

शिवडीला पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. चिखलावर दूरपर्यंत रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते आणि त्यांच्या बाजूने, २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू धुक्यात शिरत होता. जेट्टीवर बसायला बाक नव्हता. दोर बांधायच्या एका लोखंडी खुंट्यावर मामा बसले आणि पाण्याकडे तोंड करून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चौतीस वर्षं पाण्याकडे पाठ करून माल मोजला. जा, चहा घेऊन ये.’