रंध्याच्या बिडातल्या तीन तारखा

आज सकाळी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये एका गराज सेलला खिळ्यांच्या डब्याखाली गंजलेला रंधा मिळाला. स्टॅनली या अमेरिकन कंपनीचा बेली नंबर ४!

दुपारभर रॉकेलने पुसत बसलो. पातं काढलं, आणि ते ज्यावर टेकतं त्या फ्रॉगच्या मागे बिडात ओतलेल्या तीन तारखा दिसल्या: २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२, १९ एप्रिल १०. पेटंटच्या तारखा. म्हणजे रंधा १९१० नंतरचा. पुढची मूठ बुटकी आणि पातं वरखाली करायचं पितळी चाक जेमतेम इंचभर. १९२० च्या सुमारास दोन्ही मोठी झाली. शंभरी ओलांडलेला आहे हा!

पातं वरून दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचं छिद्र मात्र घेवड्याच्या दाण्यासारखं, म्हणजे १९३३ च्या आसपासचं किंवा नंतरचं. कुणीतरी ती बदलली असणार. म्हणूनच मी नुसत्या सुट्या भागांवरून वय ठरवत नाही, आधी बीड वाचतो.

माझे आजोबा लाकडी रंध्याची पाचर ठोकून पातं बसवायचे, कान लावून आवाज ऐकायचे. रात्री पातं परजून पाइनच्या फळीवर हा रंधा चालवला. तोच सर्रकन आवाज.