दोन ओळींचा तक्ता

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४
पुलमन

सकाळपासून अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा तो तक्ता डोळ्यांपुढून हलत नाही.

ओरेगन स्टेट कॉन्फरन्समध्ये १-०, म्हणजे एक जिंकलेला आणि हरलेला एकही नाही, एकूण ५-६. त्याखाली आमचं, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट ०-१, एकूण ८-३. वर 'पॅक-१२' असा आमच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचा, मथळा, खाली या दोन ओळी, आणि मग मोकळी जागा. आठ सामने जिंकलेले आम्ही खाली आणि पाच जिंकलेले ते वर, कारण कॉन्फरन्सचा म्हणून धरायचा सामना अख्ख्या हंगामात एकच होता. तो काल कॉर्व्हॅलिसला, त्यांच्या गावी झाला. ४१-३८. घड्याळात जेमतेम वीस सेकंद उरले होते आणि त्यांच्या एव्हरेट हेजने ५५ यार्डांवरून लाथेने चेंडू खांबांमधून धाडून फील्ड गोल मारला. ५५ यार्डांवरून! इतक्या लांबून मारलेला चेंडू सरळ जाईल यावर मी उभ्या जागी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

हरणं मला नवीन नाही. पुलमनमध्ये राहून हरण्याची सवय नसेल तर इथे टिकणंच कठीण. गेल्या शनिवारी न्यू मेक्सिकोत ३८-३५ ने हरलो तेव्हा मी चिडले, भांडी आदळली, न जेवता झोपले आणि सकाळी उठून कामाला लागले. आठ जिंकून फक्त एक हरलेला संघ तिथे जाऊन हरतो म्हणजे काय! त्या रागाला जागा होती. काल मात्र चेंडू खांबांमधून गेला आणि राग आलाच नाही. आत काहीतरी बसलं, ते अजून उठायला तयार नाही.

ओरेगन स्टेटवाल्या आमच्या वहिनींचा फोन रात्रीच येऊन गेला होता. उचलला नाही. सकाळी त्यांनी तक्त्याचा फोटो पाठवला, सोबत एक शब्द नाही. चिडवायला पाठवला असेल असं क्षणभरही वाटलं नाही. वहिनींनी तो तसाच पाहिला असणार, जसा मी पाहिला, आणि त्यांनाही एकटीने पाहवला नसणार.

बाराच्या बारा नावं मला अजून तोंडपाठ आहेत. इथे आलो तेव्हा ह्यांच्या लॅबमधल्या पोरांनी मला ती शिकवली होती, पोरांना वाटायचं वहिनीसाहेब, म्हणजे मी, टचडाऊन म्हणजे काय ते विचारतील, आणि मी विचारायचे तक्त्याबद्दल. कोण कुणाच्या वर, कुणाचे किती राहिले, पुढच्या शनिवारी कोण हरलं की आपण वर सरकतो. खेळ कळायच्या आधी मला तक्ता कळला. रविवारी सकाळी चहा घेताना बारा ओळींवरून बोट फिरवायचं. आपलं नाव दहावं असलं तरी वर नऊ जण असायचे, खाली दोघे असायचे. आपण कुठेतरी आहोत हे त्यावरून समजायचं.

मग एकेक नाव दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. २०२२ च्या जूनअखेर यूएससी आणि यूसीएलए. गेल्या वर्षी जुलैत कोलोरॅडो. आणि ४ ऑगस्टचा तो शुक्रवार, सकाळी सिएटलचं वॉशिंग्टन आणि ओरेगन, संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा. एका दिवसात पाच. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल, म्हणजे बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. प्रशांत महासागराच्या काठावरची ही दोन विद्यापीठं आता ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. टीव्हीचे पैसे जिकडे, तिकडे सगळे. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही, आमंत्रण आलं असतं तर आम्हीही गेलोच असतो. पण आलं नाही. लहान गाव, गव्हाच्या टेकड्या, तीसेक हजारांचं स्टेडियम. आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि कॉर्व्हॅलिसलाही कुणी बोलावलं नाही.

इथेच माझं अडतं. पुन्हापुन्हा इथेच येऊन अडतं. त्या सबंध वर्षात आमच्या बाजूला उभं असं एकच कुणी होतं, आणि काल मी त्यांचा चेंडू वाकडा जावा म्हणून देवाचं नाव घेत होते.

कोल्फॅक्सच्या कोर्टात गेलो ते आम्ही आणि ओरेगन स्टेट, दोघेच. आमच्याच काउंटीचं कोर्ट ते, इथून अर्ध्या तासाच्या आत. जाणारे दहा जण कॉन्फरन्सच्या कारभारात मत द्यायलाही बसणार होते आणि पैशातही वाटा मागणार होते. १४ नोव्हेंबर २०२३ ला न्यायाधीशांनी आमच्या दोघांच्या बाजूने हुकूम दिला, त्या दिवशी वहिनी फोनवर रडल्या होत्या. ओरेगन स्टेटच्या अध्यक्ष जयती मूर्ती कानपूरच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेला आल्या आणि मास्टर्स त्यांनी आमच्याच पुलमनला केलं, हे मी त्या सुमारास वाचलं होतं. म्हणजे त्याही कधीतरी याच टेकड्यांवरून थंडीत चालत क्लासला गेल्या असतील. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपलं माणूस तिकडेही बसलंय असं वाटलं होतं.

आणि त्याच्या आधी, गेल्या सप्टेंबरात, आमचा-त्यांचा सामना इथे झाला होता. दोन्ही संघ तोवर अपराजित, दोघेही देशातल्या पहिल्या पंचवीसांत. आम्ही ३८-३५ ने जिंकलो. तेव्हा जिंकून मला निव्वळ आनंद झाला होता, त्यात काही टोचलं नव्हतं. का? आत्ता लिहिताना कळतंय, की तेव्हा तक्त्यात बाकीचे दहा अजून होते. जायचे होते, पण होते. ओरेगन स्टेट तेव्हा एका शनिवारपुरती समोर उभी होती. आता समोर तीच आणि शेजारीही तीच.

कोल्हापूरच्या माणसाला पेठेपेठेतलं वैर शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ उतरले की आमच्या घरात दोन मामा एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण त्या भांडणाला मागे बाकीच्या तालमींचा आधार असायचा. खंडोबा असायची, शिवाजी तरुण मंडळ असायचं. शिव्या ज्याला द्यायच्या तो ठरलेला, तरी लीग सगळ्यांची. उद्या सगळ्या तालमी उठून पुण्या-मुंबईच्या लीगमध्ये गेल्या आणि शाहू स्टेडियमवर दोनच उरल्या, तर मामा तोंड भरून शिव्या देऊ शकतील का? मला नाही वाटत. पण ओरडल्याशिवायही राहायचे नाहीत. काल माझं तेच झालं.

वरची ओळ मिळवून त्यांना मिळालं तरी काय? अजिंक्यपद नाही. आठापेक्षा कमी संघ असले की एरवी कॉन्फरन्सच धरत नाहीत, एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या वरच्या संस्थेने, दोन वर्षांची सवलत दिली म्हणून नाव तरी चालू आहे. यंदापासून देशाच्या अजिंक्यपदाची प्लेऑफ बारा संघांची झाली, त्यात कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना राखीव जागा आहेत, त्यातली एकही आमच्या दोघांसाठी नाही. मग काल ते जिंकले म्हणजे काय जिंकले? आम्हाला, एवढंच. आणि आम्ही जिंकलो असतो तर त्यांना. या विचारापाशी आले की पोटात खड्डा पडतो.

दुपारी बाकीचे तक्ते उघडून बसले. उघडायला नको होते, पण शनिवार मोठा होता. कॅलने स्टॅनफर्डला २४-२१ हरवलं. यूएससीने यूसीएलएला १९-१३. आमच्या-त्यांच्यासारखीच जुनी भांडणं, सगळी एकाच शनिवारी, आणि प्रत्येक निकाल वेगळ्या तक्त्यात. ॲरिझोना स्टेटने ब्रिगॅम यंग विद्यापीठाला २८-२३ हरवून बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या माथ्यावर जागा मिळवली. ओरेगन बिग टेन कॉन्फरन्समध्ये, एकूण ११-०, देशात पहिला. माझा डोळा सोळा-अठरा नावांमधून बरोबर आपली नावं वेचतो. लग्न होऊन गेलेल्या मुलींची ख्यालीखुशाली विचारावी, तसं माझं चालतं, आणि त्यांना आमची आठवण येते का हे विचारायची सोय नाही. समालोचक बिल वॉल्टन असता तर निदान तो तरी कुठल्याही सामन्यात मध्येच पॅक-१२ ला 'कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स' म्हणून ओरडला असता. मे महिन्यात तोही गेला.

लेकीला फोन केला नाही. ती सिएटलला, वॉशिंग्टनवाली; तिकडचं आज नको. सप्टेंबरात आपण वॉशिंग्टनशी २४-१९ ने जिंकलो, शेवटच्या मिनिटाला त्यांना एका यार्डावर अडवलं, तेव्हा आम्ही दोघी लुमेन फील्डवर एकाच रांगेत बसलो होतो आणि तिच्या अंगात त्यांच्या रंगाचा जांभळा स्वेटर होता. असो.

संध्याकाळी ह्यांनी एक गोष्ट सांगितली आणि त्यानंतर जरा श्वास मोकळा झाला. म्हणाले, आपण एकटे पडण्याची ही पहिली वेळ नाही. १९१५ मध्ये ही कॉन्फरन्स सुरू झाली ती चारच संघांनी: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन स्टेट. आपण १९१७ मध्ये आलो. १९५९ मध्ये ती पहिली कॉन्फरन्स मोडली, मोठ्यांनी आपला वेगळा गट केला, तेव्हाही आपल्याला बाहेर ठेवलं. आपण १९६२ मध्ये आत गेलो, ओरेगन आणि ओरेगन स्टेट १९६४ मध्ये. मधली वर्षं लोक इथे राहिलेच ना. सामने झालेच. तेव्हाच्या बायकांनीही शनिवारी थर्मास भरून नेलाच असेल.

हे मला आधीही वाचून माहीत होतं. पण आज ते ऐकताना मनात पहिल्यांदा आलं, की १९५९ नंतरच्या पहिल्या तीन वर्षांत आम्ही आणि ओरेगन स्टेट कशात होतो? बाहेरच. तेव्हाही दोघे बाहेरच होते. म्हणजे आमचं हे नातं गेल्या वर्षी कोर्टात जुळलेलं नाही, त्याच्या कितीतरी आधीचं आहे. दोन्ही शेतकीची विद्यापीठं, दोन्ही आपापल्या राज्यातल्या मोठ्या भावाच्या सावलीत. शंभर वर्षं ती एकमेकांना हरवत आली आहेत आणि त्यामुळे काही तुटलं नाही. उलट, कालचा सामना चांगला होता. हे मी आत्ता, चोवीस तासांनी, लिहू शकते. पाच सामने ओळीने हरलेला संघ घरच्या लोकांपुढे उतरला, शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि त्यांच्या पोराने जन्मभर सांगावा असा चेंडू मारला. ते रडतखडत १०-७ ने जिंकले असते तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

२०२६ मध्ये पॅक-१२ मध्ये बॉइसी, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो, सॅन डिएगो, युटा स्टेट येणार आहेत. गॉन्झागा येतंय, पण त्यांच्याकडे फुटबॉल नाही. म्हणजे सात. आठवा अजून हवा. कोण येईल त्यावर इथे रोज वाद चालतात, मी त्यात पडत नाही. सातांचा तक्ता असला तरी त्यावरून बोट फिरवता येईल. पुढचं वर्ष मात्र अजून असंच, दोघांचं.

रात्री वहिनींना फोन केला. त्यांनी उचलला आणि दोघी थोडा वेळ बोललोच नाही. मग त्या म्हणाल्या, "तुला बोलायला नको वाटत असेल तर राहू दे हं." मी म्हटलं, "नको काय वाटायचंय, वहिनी. तो फील्ड गोल मी तीनदा पाहिला. अभिनंदन." त्या म्हणाल्या, त्यांना रात्रभर झोप नाही, आनंद झाला आणि लगेच माझी आठवण आली. त्यांच्याकडेही तेच होतं तर. माझ्या एकटीचं नव्हतं.

शुक्रवारी त्यांचा सामना बॉइसीला आहे. बॉइसीची यंदाची फळी भयंकर आहे, सप्टेंबरात आम्हाला ४५-२४ ने लोळवलं. पण ओरेगन स्टेटला सहावा विजय मिळाला तरच बोल गेम, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, मिळेल, पाचावर अडकले आहेत. आणि तो पाचवा आमच्यावरचा. तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. वहिनींना सांगितलं, शुक्रवारी मी तुमच्या बाजूने, नारिंगी साडी आहे माझ्याकडे, ती नेसून बसते टीव्हीपुढे.

शनिवारी वायोमिंग इथे आहे. जायचंच. चारजण जेवायला येतील, अख्खा मसूर करते, इथल्याच शेतातला; कांदा-खोबऱ्याचं वाटण उद्या करून ठेवलं पाहिजे. वहिनी म्हणाल्या, वायोमिंगला सोडू नका. मी म्हटलं, नाही सोडत.