डोळ्यात कॉस्टिक उडालं त्या दिवशी

टाकीत 400 लिटर पाणी होतं. त्यात 100 किलो कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स, म्हणजे पापुद्रे, विरघळवून 20 टक्क्यांचं द्रावण करायचं होतं. हे काम मी कितीतरी वेळा केलेलं. आधी पाणी, मग ढवळणी चालू ठेवून थोडे थोडे फ्लेक्स. फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही. त्या दिवशी ढवळणीची मोटर मध्येच ट्रिप होऊन बंद पडली होती. ते माझ्या लक्षात आलं तोवर दोन गोण्या आत गेल्या होत्या.

मी काहीही विचार न करता बटण दाबलं. कॉस्टिक पाण्यापेक्षा दुपटीहून जड असतं, त्यामुळे फ्लेक्स तळाशी थर करून बसले होते. ढवळणी फिरताच तो थर एकदम पाण्यात मिसळला. कॉस्टिक विरघळताना इतकी उष्णता सोडतं की 100 किलो सावकाश टाकलं तरी एवढ्या पाण्याचं तापमान 50 अंशांहून जास्त चढतं. इथे अर्धा माल काही क्षणांत विरघळू लागला. टाकीतून गुडगुड आवाज आला आणि उकळतं द्रावण कडेवरून बाहेर उसळलं. वाफेने धूसर होते म्हणून फेस शील्ड मी कपाळावर सरकवली होती. डोळ्यांवर नेहमीचा चष्मा होता, घट्ट बसणारा गॉगल नव्हता. चष्म्याखालून शिंतोडा उजव्या डोळ्यात गेला, थोडं मानेवर पडलं.

डोळा झोंबून घट्ट मिटला. मानेवर मात्र सुरुवातीला फक्त बुळबुळीत लागलं, साबण लावल्यासारखं. तो खरोखर साबणच असतो: अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखा तीव्र क्षार, कातडीतल्या चरबीचा साबण करते. अ‍ॅसिडने भाजलं तर प्रथिनं गोठून एक खपली धरते आणि ती अ‍ॅसिडला थोडं तरी अडवते. कॉस्टिकपुढे असा आडोसा तयारच होत नाही. ते पेशी विरघळवत आत जात राहतं, आणि वेदना बऱ्याचदा उशिरा जाणवते. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे लागलं नाही’ हा हिशेब इथे फार घातक आहे.

सोबतचा ऑपरेटर मला दंड धरून आयवॉशकडे, म्हणजे डोळे धुण्याच्या नळाकडे, घेऊन गेला. त्याने चष्मा काढला, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि म्हणाला, “बुबुळ फिरव. वर बघ, खाली बघ. मिटू नकोस.” शर्ट कापून काढून दुसऱ्याने मानेवर पाणी सोडलं. कोणीतरी लॅबमधून बोरिक अ‍ॅसिडची बाटली घेऊन धावत आलं. शिफ्ट इनचार्जनी त्याला तिथेच थांबवलं. अल्कलीवर अ‍ॅसिड टाकलं की पुन्हा उष्णता निघते, आणि मोजमाप करण्यात वेळ जातो तो वेगळाच. अशा वेळी पाणीच, आणि भरपूर पाणी.

पाच मिनिटांनी मी म्हणालो, “आता बरं आहे, बस.” ऑपरेटरने घड्याळ दाखवलं आणि माझं डोकं परत खाली धरलं. पूर्ण अर्धा तास. थंडीने दात वाजत होते, पण आज मला दिसतंय ते त्या हट्टामुळे, असं मी मनापासून मानतो.

दवाखान्यात निघताना इनचार्जनी कॉस्टिकचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाची आणि त्याच्या धोक्यांची माहिती असलेला कागद, सोबत दिलं, त्यामुळे काय उडालं हे समजावत बसावं लागलं नाही. डॉक्टरांनी आधी खालच्या पापणीत पीएच पट्टी, म्हणजे अ‍ॅसिड-अल्कलीचं प्रमाण दाखवणारा कागद, लावली. अश्रूंचा पीएच साधारण 7 ते 7.4 असतो; माझा अर्धा तास धुऊनही 9 च्या आसपास होता. बधिर करणारे थेंब घालून त्यांनी वरची पापणी उलटी केली. तिथे न विरघळलेला बारीक कण चिकटला होता. तो कापसाच्या काडीने काढला आणि सलाइनने पुन्हा धुणं सुरू झालं. पीएच 7.5 वर आल्यावरही मला सोडलं नाही. पेशींत मुरलेली अल्कली नंतर हळूहळू बाहेर येते, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा पट्टी लावली.

मग पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात तपासलं. जिथे बुबुळावरचा थर गेला होता तो भाग हिरवा चमकला. बुबुळाच्या कडेला पांढरेपणा आहे का, हे त्यांनी खूप बारकाईने पाहिलं. नवा थर तिथल्या पेशींपासून तयार होतो. ती कडच मेली असती तर डोळ्याची जखम भरून येणं कठीण होतं. माझी कड शाबूत होती. थेंब, मलम आणि रोजची तपासणी, असं करत थर भरून आला. मानेवरचा डाग राहिला.

आता गोण्या फोडण्याआधी मी आयवॉश उघडतो आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू देतो. गॉगल आधी, त्यावर फेस शील्ड. आणि टाकीत माल पडल्यावर ढवळणी बंद सापडली, तर बटणाला हात न लावता सगळ्यांना मागे घेतो आणि इनचार्जना हाक मारतो.